सर्वांत कमी कर्करोगाचा जिल्हा आणि आतड्यातली विकरे

याद्यांच्या तळाशी असण्याची बीड जिल्ह्याला सवय आहे. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातल्या मुलींचे प्रमाण राज्यात सर्वांत कमी बीडमध्ये निघाले, तेव्हा मान खाली घालावी लागली होती. एका यादीत मात्र तळाला असणे हे सुदैव मानावे लागेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बंगळुरू येथील केंद्राने ऑगस्ट २०२० मध्ये देशाचा कर्करोग नोंदणी अहवाल जाहीर केला. २०१२ ते २०१६ या काळातल्या २८ नोंदणी केंद्रांच्या आकड्यांवर तो आधारलेला होता. लोकसंख्येतला वयाचा फरक काढून टाकल्यानंतर दर लाख पुरुषांमागे वर्षाला सर्वाधिक नवे रुग्ण मिझोरमच्या ऐझॉल जिल्ह्यात आढळले, २६९.४. स्त्रियांमध्ये अरुणाचलचा पापुम पारे जिल्हा पुढे होता, २१९.८. दोन्ही याद्यांच्या तळाशी एकच नाव होते, ते म्हणजे उस्मानाबाद आणि बीड. पुरुषांत ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४.

हा आकडा दोन प्रकारे वाचता येतो. पहिला अर्थ सरळ आहे. इथे कर्करोग खरोखरच कमी होतो. दुसरा अर्थ थोडा अस्वस्थ करणारा आहे. इथे कर्करोग सापडतोच कमी. अंबाजोगाईचा रुग्ण लातूरला, सोलापूरला, छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला किंवा मुंबईला जातो. काही जण कुठेच जात नाहीत. त्या सगळ्यांना एका वहीत आणणे सोपे काम नाही. खरे उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावे. आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत तर दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात, आणि ते का, हे समजून घ्यायचे तर आपल्या पेशींमधल्या काही विकरांची ओळख करून घ्यावी लागेल. विकरे म्हणजे ज्यांना आपण रोजच्या बोलण्यात एन्झाइम म्हणतो ती.

आधी या रोगाचा आवाका पाहू. मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग २०२२ मध्ये जगात सुमारे १९ लाख लोकांना झाला आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. भारतात त्या वर्षी अंदाजे ७० हजार नवे रुग्ण होते. एवढ्या लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. पण परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयांमध्ये ते भारतातल्यापेक्षा जास्त आढळते. जपानमधून हवाईला गेलेल्या कुटुंबांमध्येही एक-दोन पिढ्यांत हा दर चढला होता. रक्त तेच राहिले, ताट बदलले आणि राहणी बदलली. म्हणजे आपल्या कमी आकड्यामागे आपली जनुके कमी आणि आपली जीवनपद्धती जास्त आहे. जनुके एका पिढीत बदलत नाहीत, जीवनपद्धती बदलते.

पोत्यावरचा मार्का

पेशीमध्ये प्रथिन तयार झाले म्हणजे काम संपले असे नसते. मोंढ्यात आलेल्या मालाचे उदाहरण घ्या. पोते भरले, शिवले, तरी ते कुठे जायचे हे त्यावरच्या मार्क्यावरून ठरते. एका खुणेचे पोते ट्रकमध्ये चढते, दुसऱ्या खुणेचे गोदामात जाते, खराब निघालेले बाजूला काढतात. पेशीतही तसेच आहे. तयार प्रथिनावर छोट्या रासायनिक खुणा लावल्या जातात आणि त्या खुणा पाहून ते प्रथिन कामाला लागते, थांबते, जागा बदलते किंवा नष्ट केले जाते. या खुणा लावणारी आणि काढणारी विकरे असतात. प्रथिनांत बदल करणारी विकरे ती हीच.

तीन खुणा आपल्या कामाच्या आहेत. पहिली फॉस्फेटची. ती लावणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात आणि माणसाच्या शरीरात ती पाचशेहून अधिक आहेत. या खुणेच्या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल मिळाले. दुसरी खूण युबिक्विटिनची. ती ज्या प्रथिनावर साखळीने लागते, ते बहुधा पेशीच्या कचरायंत्रात जाऊन तुकडे तुकडे होते. त्यासाठी सिचॅनोव्हर, हर्शको आणि रोझ या तिघांना २००४ चे नोबेल मिळाले. तिसरी खूण असेटिलची. तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि खालून नव्या येतात. एवढ्या वेगाने पेशी बनवायच्या तर 'वाढा' असा हुकूम देणारे प्रथिन हवे. त्याचे नाव बीटा-कॅटेनिन. हुकूम वेळेवर थांबवण्याची सोयही पेशीने करून ठेवली आहे. एपीसी नावाचे एक मोठे प्रथिन बीटा-कॅटेनिनला धरून ठेवते आणि सोबत दोन कायनेज विकरांना जवळ आणते. ती विकरे बीटा-कॅटेनिनवर फॉस्फेटची खूण लावतात. ती खूण पाहून दुसरे विकर त्यावर युबिक्विटिनची साखळी लावते. मग ते प्रथिन कचऱ्यात जाते आणि वाढीचा हुकूम थांबतो. हे दिवसरात्र चाललेले असते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दहापैकी सुमारे आठ गाठींत हे एपीसी बिघडलेले असते. त्याचे जनुक १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या संशोधकांनी शोधून काढले. एपीसी स्वतः विकर नाही, पण ते मोडले की विकरांना त्यांचा माल हाती लागत नाही. खूण लागत नाही, बीटा-कॅटेनिन साठत जाते आणि पेशी वाढत राहतात. आतड्याच्या भिंतीवर छोटा कोंब येतो, त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. असा कोंब कर्करोग व्हायला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागतो, आणि वाटेत आणखी काही जनुके बिघडावी लागतात. बहुतेक कोंब त्या टोकाला जातही नाहीत.

या माहितीतला व्यवहाराचा भाग हा की आपल्या हातात बराच वेळ असतो. रक्ताच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगात अशी सवलत क्वचितच मिळते. दुर्बिणीने कोंब दिसला तर तो तिथेच कापून काढता येतो आणि पुढचा सगळा प्रवास थांबतो.

भाकरीचे रसायन

आता तिसरी खूण. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळावर दोरा गुंडाळावा तसा गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर असेटिलची खूण लागली की दोरा सैल होतो आणि तिथली जनुके वाचली जातात. ही खूण काढून टाकणारी विकरे असतात, त्यांना हिस्टोन डीअसेटिलेज म्हणतात. त्यांनी खुणा जास्त काढल्या की दोरा घट्ट बसतो आणि पेशीची वाढ रोखणारी जनुके मुकी होतात. आतड्याच्या अनेक गाठींत ही विकरे प्रमाणाबाहेर वाढलेली असतात. एपीसी बिघडले की यांतल्या एका विकराचे प्रमाण वाढते, हे जर्मनीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. म्हणजे एक खूण लागायची थांबली, तर दुसरी खूण पुसणारा हात मोकळा सुटतो.

या विकराला अडवणारा पदार्थ आपल्या पोटातच तयार होतो. आपण न पचवू शकणारा तंतुमय भाग मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे छोटे आम्ल निघते. लोण्यात सापडले म्हणून लोण्याच्या लॅटिन नावावरून त्याचे हे नाव पडले. ब्युटिरेटमुळे हिस्टोनवरच्या असेटिलच्या खुणा वाढतात, हे १९७७ पासून माहीत आहे. निरोगी आतड्याच्या पेशी ब्युटिरेट जाळून त्यावर जगतात, तेच त्यांचे मुख्य इंधन आहे. कर्करोगाच्या पेशी मात्र साखर जाळणे पसंत करतात. त्यामुळे त्यांच्यात ब्युटिरेट न जळता साठते आणि विकराला अडवते, मग पेशीची वाढ मंदावते किंवा ती मरते. एकच पदार्थ निरोगी पेशीला पोसतो आणि बिघडलेल्या पेशीला आवरतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय भाग आहे, बाजरीत ११ ग्रॅमच्या वर, पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात ३ ग्रॅमहून कमी. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठातही ११ ग्रॅमच्या आसपास आहे, त्यामुळे पोळीला दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यायचा तर पाव, टोस्ट, बिस्किटे आणि मैद्याच्या नूडल्सना द्यावा. तूर, हरभरा, मटकी यांतून यात भर पडते. थंड झालेल्या भाकरीतल्या पिष्टाचा काही भाग लहान आतड्यातल्या पचनाला दाद देत नाही आणि तोही मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला येतो. सकाळची भाकरी दुपारी शेतात खाणारा माणूस नकळत आपल्या विकरांना लगाम घालत असतो.

याचा एक मोठा प्रयोगही झालेला आहे. २०१५ मध्ये पिट्सबर्गच्या २० आफ्रिकी-अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातल्या २० लोकांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली गेली. अमेरिकी लोकांना तंतुमय, कमी चरबीचे आफ्रिकी जेवण दिले आणि आफ्रिकी लोकांना मांस व चरबीचे अमेरिकी जेवण दिले. अमेरिकी लोकांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले आणि अस्तराची दाहक लक्षणे उतरली. आफ्रिकी लोकांमध्ये नेमके उलटे झाले. त्याला फक्त दोन आठवडे लागले.

तरीही इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्यांचे कोंब आधी काढलेले होते अशा लोकांना जास्त तंतुमय आहार किंवा गव्हाचा कोंडा देऊन पाहणाऱ्या दोन मोठ्या अमेरिकी चाचण्यांचे निष्कर्ष २००० मध्ये आले. त्या तीन-चार वर्षांत नवे कोंब येणे काही कमी झाले नव्हते. त्यामुळे 'ज्वारी खा, कर्करोग बरा करा' अशा संदेशांना अजिबात आधार नाही. आयुष्यभर तसा आहार असलेल्या लोकसंख्येत धोका कमी दिसतो, एवढेच आज खात्रीने म्हणता येते. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१७ च्या आढाव्यानुसार रोज ९० ग्रॅम अख्खे धान्य खाणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळतो. मीठ, धूर किंवा रसायनांनी टिकवलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. दारू आणि तंबाखू या रोगाचा धोका वाढवतात, हेही सिद्ध आहे.

बीडच्या दृष्टीने यात काळजीची बाजू अशी की आपला हा बचाव आपण ठरवून उभा केलेला नाही. कोरडवाहू रानात ज्वारीच पिकत होती, म्हणून ती ताटात होती. गेल्या काही दशकांत खरिपाच्या रानातून ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन आले. पाणी आले तिथे ऊस आला. जी भाकरी गरिबीची खूण मानली जात होती तिची जागा रेशनच्या तांदळाने आणि किराणा दुकानातल्या पाकिटांनी घेतली. शहरात मात्र आता तीच ज्वारी महाग दराने विकली जाते. २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा भाषणे पुष्कळ झाली. त्यातले शाळेच्या पोषण आहारात आणि रेशनच्या दुकानात कायमचे किती उतरले, हा प्रश्न इथल्या लोकांनी विचारण्यासारखा आहे.

औषध आधी की तपासणी आधी

विकरांच्या या ज्ञानाने उपचारही बदलले आहेत. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचे एक कायनेज असते. ते बाहेरून वाढीचा निरोप घेते आणि फॉस्फेटच्या खुणांच्या साखळीने तो आत पाठवते. सेटक्सिमॅब हे औषध त्या दारावरच अडसर घालते. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पण लवकरच लक्षात आले की बऱ्याच रुग्णांना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. २००८ मध्ये कारण स्पष्ट झाले. सुमारे ४० टक्के रुग्णांच्या गाठीत केरास हे जनुक बिघडलेले असते. केरासचे प्रथिन त्या साखळीत दाराच्या आतल्या बाजूला बसलेले असते आणि बिघडले की ते निरोपाची वाटच पाहत नाही. दार बंद करून उपयोग काय, आरडाओरडा करणारा आत बसलेला आहे! तेव्हापासून हे औषध देण्याआधी केराससारख्या जनुकांची तपासणी करणे हा नियम झाला.

बीरॅफ या दुसऱ्या कायनेजची गोष्टही अशीच बोलकी आहे. त्याला रोखणारी औषधे त्वचेच्या कर्करोगात प्रभावी ठरली, पण त्याच बिघाडाच्या आतड्याच्या कर्करोगात एकटी दिली तर जवळजवळ निष्प्रभ ठरली. २०१२ मध्ये कळले की आतड्याच्या पेशीत बीरॅफ दाबले की ईजीएफआर जास्तच जागे होते. मग दोन्हींना एकत्र अडवायचे ठरले आणि तशा जोडीला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आजार एकाच अवयवाचा असला तरी औषध गाठीच्या आतल्या विकरांवरून ठरते, हे यातून सिद्ध झाले.

सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली बातमी तर ग्रामीण रुग्णालयांनी जपून वाचावी अशी आहे. स्वीडन आणि शेजारच्या देशांतल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम अस्पिरिन घेतलेल्यांमध्ये रोग परतण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. पण हा फायदा पीआय३के नावाच्या विकराच्या मार्गात विशिष्ट बिघाड असलेल्या रुग्णांत तपासला गेला, आणि असे रुग्ण सुमारे ३७ टक्के होते. हे विकर प्रथिनांऐवजी पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंवर फॉस्फेट लावते. अस्पिरिन स्वतःही एका विकरावर असेटिलची खूण चिकटवून ते बंद पाडते. अस्पिरिनची गोळी काही पैशांत मिळते. ती कोणाला द्यावी हे सांगणारी जनुकतपासणी मात्र त्या तीन वर्षांच्या गोळ्यांपेक्षा महाग पडते. शिवाय अस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना न विचारता ती सुरू करू नये.

आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. औषधाची किंमत सर्वांना दिसते, तपासणीचा अभाव कोणाला दिसत नाही. रुग्णाने आणि नातेवाइकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ नुकसान टळेल. गाठीचा तुकडा तपासल्यावर प्रयोगशाळेत मेणात घातलेला जो ठोकळा उरतो, त्याला ब्लॉक म्हणतात. तो ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घेऊन जपून ठेवाव्यात, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरच होतात. महागडे 'टार्गेटेड' औषध सुचवले गेले तर 'केरास आणि बीरॅफची तपासणी झाली का' हा प्रश्न विचारावा. आणि तपासणीचा कागद फाइलमध्ये असल्याशिवाय घर-शेत गहाण टाकण्याचा निर्णय घेऊ नये.

मूळव्याध म्हणून सोडून दिलेले रक्त

पण हा सगळा प्रश्न रोग सापडल्यानंतरचा. तो सापडतो कधी? परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एका वर्षात आलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने साठीनंतरचा मानला जातो. सर्वांत जास्त आढळलेले लक्षण होते शौचावाटे रक्त जाणे.

हे लक्षण आपल्याकडे जवळजवळ आपोआप मूळव्याधीच्या खात्यावर जमा होते. मराठवाड्यातल्या कोणत्याही बसस्थानकाबाहेर मूळव्याध-भगंदराच्या खात्रीशीर इलाजाच्या पाट्या दिसतील. रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याधच असते, हेही खरे. पण चाळिशीच्या पुढच्या माणसाला रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन उतरत असेल, तर मूळव्याध आहे असे गृहीत धरण्याआधी आतून पाहिले पाहिजे. पहिली तपासणी तर फुकटच आहे. डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेली गुदाशयाची तपासणी. खालच्या भागातल्या कितीतरी गाठी बोटालाच लागतात. संकोचामुळे रुग्ण ती नको म्हणतो आणि घाईत असलेला डॉक्टरही आग्रह धरत नाही. त्या दोन मिनिटांच्या संकोचाची किंमत पुढे पोटावर कायमची पिशवी लावून चुकवावी लागते.

दुसरे लक्षण रक्तक्षयाचे. पुरुषाला किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीला लोहाची कमतरता निघाली तर आतड्यातून नकळत रक्त जात नाही ना, हे पाहण्याचा वैद्यकीय संकेत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन कमी आले की ते कष्टाचे आणि उपासमारीचे मानून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. बहुतेक वेळा ते बरोबर असते. गोळ्यांनी भरून आले नाही, तर मात्र प्रश्न पुन्हा विचारला गेला पाहिजे. सहा-सहा महिने जिल्ह्याबाहेर असणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत तो पुन्हा विचारायला कोणी नसते.

देशाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याचा समावेश नाही. रोगाचे प्रमाण कमी असताना सरसकट सगळ्यांची दुर्बिणीने तपासणी करणे शहाणपणाचेही नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले, पण तिथला दर वेगळा आहे. आपल्याला पेलेल असे धोरण म्हणजे लक्षण असलेल्या माणसाला लवकर दुर्बिणीपर्यंत पोचवणे, आणि ज्याच्या घरात आई-वडील किंवा भावंडांना हा रोग झाला आहे त्याला लक्षणाची वाट न पाहता बोलावणे.

अंबाजोगाईला यासाठी आधार आहे. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाणारे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय पन्नाशीला पोचले आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत देशातल्या सर्व जिल्हा रुग्णालयांत केमोथेरपीसारख्या उपचारांसाठी डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यांतली २०० पहिल्याच वर्षी व्हायची होती. पण केमोची खुर्ची मांडली म्हणून रोग लवकर सापडत नाही. त्या खुर्चीच्या जोडीला दुर्बीण चालवणारा हात, तुकडा वाचणारा पॅथॉलॉजिस्ट आणि ब्लॉक पुढे पाठवण्याची ठरलेली वाट असली, तरच रुग्णाच्या मुंबईच्या फेऱ्या वाचतील.

माणसे लवकर येतात की नाही, याचे उत्तर तर शेजारच्याच भागाने जगाला दिलेले आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते नोंदीसाठी गावोगाव फिरायचे आणि फिरताना लक्षणांबद्दल बोलायचे. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, नुसत्या बोलण्याने. पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले की एचपीव्हीच्या एकाच तपासणीने त्या रोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात. ज्या मातीत हे झाले, तिथे शौचातल्या रक्ताबद्दल बोलणे अशक्य नाही. आशा कार्यकर्तीच्या प्रश्नावलीत एक ओळ वाढवणे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

तसे झाले तर पुढच्या एखाद्या अहवालात बीडचा आकडा वाढलेला दिसेल, आणि त्यावर ओरडही होईल. तेव्हा त्या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा शोधावा. आतड्याच्या कर्करोगाच्या नोंदलेल्या रुग्णांपैकी पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातले किती, हा तो आकडा. तो वाढला असेल तर जिल्ह्यात रोग सापडू लागला आहे असे समजावे. आणि सगळ्या नोंदी शेवटच्या टप्प्यातल्याच असतील, तर रोग वाढतो आहे आणि आपण अजून त्याला मूळव्याधच म्हणतो आहोत.